बायको रडली म्हणून

—रडून? मी रडून ह्यांना परत आणलं, आसं कोण म्हणतंय, चंपाक्का? सारी निपाणी? मग खरंच आसंल! बसा, बसा. आता गोरा सायेब चालला, आपलीच विमानं हुणार, तवा तुमच्या लेकाला, शांतिनाथला, वैमानिक व्हायाचं हाय — आन् त्याला आडवायला कसं रडायचं, ते तुमाला माझ्याकडनं शिकायचं हाय. आसंच न्हवं? रडायला कशाला लागतंय वो! पोरं आपसूक परत येत्यात. मुंबईला जुहूच्या माळावर मी डोळ्यांनी बघितलंय की. लढाईच्या आधीची गोष्ट — आमचं लगीन नवं, आन् ह्यांनी हट्ट धरला, विमान शिकणार. सासूबाईंनी मला संगट धाडलं, आपलं जैनाचं, कांदा-बटाटा न घालता करून वाढायला. तिथं एक इनामदाराचा लेक हुता — कातड्याची टोपी काय, चष्मा काय, फोटो काय! विमान वर गेलं की पोटातलं सगळं भाईर. त्यो आंबं खायला म्हणून गावाकडं गेला, त्यो गेलाच. दुसरा वकिलाचा — त्याला शिकवणारा पारशी मास्तर गाढवा म्हणाला, तर हा म्हणतो कसा, आमाला बापानंबी कधी अरे म्हटलं न्हाय! मास्तर म्हणाला, बाप तुझ्या विमानात बसत न्हवता, म्हणून! गेला त्योबी.

आन् हे? डोस्कं चांगलं — न्हाय म्हणू नये. पुस्तकातलं सगळं पाठ. पण विमान वळवायचा दांडा आसा आवळून धरायचे, जसा काय उधळलेला बैल! विमान डावीकडं कललं की उजवीकडं हिसडा, उजवीकडं कललं की डावीकडं — वर झोकांड्या चाललेल्या, आन् मी खाली कुंपणाला डबा घिऊन हुबी. उतरताना जमीन आजून पुरुषभर खाली, ह्यांना वाटायचं टेकलं — की धाडदिशी! मास्तर वरडायचा, "पायगोंडा, हलक्या हातानं!" हलका हात, ह्यांचा! घरात तांब्याबी आपटूनच ठेवत्यात. तरीबी आलं आसतं वो. बाकीच्यांना आलंच की हळूहळू. पण त्या रविवारी —

न्हाय, काय न्हाय. च्या घ्या.

तसं काय इशेष न्हवतं. मास्तर म्हणाला, बाई रोज हुब्या ऱ्हात्यात, एक फेरी मारून आणतो. हेच म्हणाले, "जा की, भिऊन वरडशील!" मी पदर खोचला आन् बसले. वर गेल्यावर — काय सांगू, सारा समुद्र खाली, आन् 'राजमती, हे कर, राजमती, ते कर' म्हणणारं एक माणूस न्हाय. मास्तरनं खूण केली, धर म्हणून. धरला. कोगनोळीला माहेरी मारक्या म्हशीची धार मीच काढायची — जास्त आवळलं की लाथ. तेवढ्याच दाबानं धरला, बगा. विमान आसं सरळ चाललं, चंपाक्का, आसं सरळ... मग वळवलंबी मीच. खाली आल्यावर मास्तर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "पायगोंडा, हात बघ बाईंचा! हिला ठेव हितं, तू जा सैपाक कर." चेष्टा हुती वो ती! सगळी पोरं हसली. मीबी हसले. हे न्हाय हसले.

दुसऱ्या दिशी ह्यांच्या कानात दोष निघाला. कुठल्या डाक्टरनं काढला, इचारू नका. कोल्हापूरपतोर आगगाडीनं आलो, आन् हितं मोटारीतनं उतरल्या उतरल्या सासूबाईंना म्हणाले, "ही सारखी रडाय लागली, मग काय करणार?" मी खाली मान घातली. लोकांनी ह्यांच्या गळ्यात हार घातला — बायकोसाठी आभाळ सोडलं म्हणून! वखारीत तंबाखूच्या बोदांवर बसून आजून सांगत्यात. लढाईत बेळगावची विमानं डोक्यावरनं जायची, तवा हे अंगणात लोकांना दाखवायचे — ते बगा, वळताना चुकला त्यो! आन् मी चुकून वर बघितलं, की म्हणायचे, "आत जा, भाकरी करपंल."

जाऊ द्या त्या शांतिनाथला. जमंल, न्हायतर परत यील, त्यात काय? फकस्त संगट बायको धाडणार आसला तर तिलाबी एकदा दांडा धरू —

थांबा. चपला वाजल्या. हेच आले.

उठा, चंपाक्का, मागल्या दारानं जावा. च्या ऱ्हाऊ द्या तसाच. जावा म्हंते न्हवं!