वाराला एक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या घरपोच औषध सेवेचे मालक आदरणीय मल्लिकार्जुन अण्णा, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, सत्कारमूर्ती प्रभाताई पुराणिक, आणि मागून भज्यांचा वास येत असतानाही खुर्ची न सोडणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी गुरुशांत, पार्सल विभागाचा. आमच्या फार्मासिस्ट ताईंना निरोप द्यायला मलाच का उभं केलं? कारण त्यांच्याशी सगळ्यात जास्त भांडण माझंच. पार्सल बाहेर काढणं माझं काम, अडवणं त्यांचं.

दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असतं. डोक्यात शिरलं की नाही, तोंडावरून कळतं. आपण इथं अक्कलकोट रोडला आणि गिऱ्हाईक तिकडं सांगोल्याला. मधे नुसता फोन. फोनवर "कळलं का?" विचारलं की आपल्याकडचा माणूस काय म्हणतो? "व्हय." नाही कळलं तरी व्हयच. म्हणून ताईंनी "कळलं का" हे दोन शब्दच बंद केले. "गोळी कशी घेणार, तुम्हीच मला सांगा," असं विचारायचं, आणि उत्तर बरोबर आल्याशिवाय पाकीट हलवायचं नाही. इन्सुलिनबरोबर बर्फाची पिशवी घालायला कुणीही शिकतं हो. हे लई अवघड.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सांगोल्याच्या मथुराबाईंना सांध्यांच्या दुखण्यासाठी एक गोळी लिहून दिली होती. आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर रक्त तयार व्हायचं थांबतं, माणूस हातचा जातो. आमच्या शिवानीनं फोनवर सगळं नीट सांगितलं, शेवटी "वाराला एक, कळलं का आजी?" पलीकडून उत्तर आलं, "व्हय." शिवानीनं पाकिटावरही तेच लिहिलं. नवीन होती, ताईंचा नियम अजून अंगवळणी पडला नव्हता.

शिवानीच्या घरी कन्नड. कन्नडमध्ये वार म्हणजे आठवडा. "वारक्के ओंदु" म्हणजे आठवड्याला एक. तिचं काही चुकलं का? माझ्याही घरी कन्नडच, मीही ते पाकीट वाचलं आणि मला काही खटकलं नाही.

गाडी दारात उभी. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. ताईंनी पाकीट हातात धरलं आणि फोन लावला. अण्णा खुर्चीतून ओरडले, "ताई, एकदा सांगून झालंय, जाऊ द्या की!" अण्णा, हसू नका, तुम्ही ओरडला होता. ताई शांतपणे म्हणाल्या, "मग गाडी जाऊ द्या. पाकीट राहील."

फोन स्पीकरवर होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "मथुराबाई, गोळी कशी घेणार?"

"वाराला एक. त्या पोरीनं सांगितलंय की."

"म्हणजे कशी?"

"आज सोमवार, एक. उद्या मंगळवार, एक. रोज वार असतोयच की बाई."

हॉर्न वाजतच होता. शिवानी मटकन खाली बसली. ताईंनी मथुराबाईंकडून तीनदा वदवून घेतलं, "फक्त सोमवारी, बाकी वारी न्हाय." मग पाकिटावर मोठ्या अक्षरात "फक्त सोमवारी" लिहिलं आणि शिवानीला हाताला धरून उठवलं. म्हणाल्या, "रडू नकोस. पुढचा फोन तू लाव, मी ऐकते." त्या दिवसापासून आपल्याकडं "वाराला" हा शब्द चालत नाही. अण्णाही पुन्हा कधी ओरडले नाहीत.

ताई, उद्यापासून तुमच्या खुर्चीवर कोण, ही काळजी करू नका. शिवानीनं परवा माझं पार्सल दोनदा अडवलं. मला राग आला, आणि बरंही वाटलं.

आजच्या पाहुण्यांत दुसऱ्या रांगेत, डाळिंबांची पिशवी मांडीवर घेऊन मथुराबाई बसल्या आहेत. मगाशी दारातच त्यांनी मला विचारलं, "जेवण कवा हाय? आज सोमवार, माझी गोळी हाय." मी त्यांना खुर्ची दाखवली.

अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही ऐकून घेतलं, सर्वांचे आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला. बोलण्यातली चूक तेवढी पोटात घालता येते. औषधातली चूक कुणाच्या पोटात जाऊ नये म्हणून ही बाई इतकी वर्षं दारात आडवी उभी राहिली.