तुम्ही व्हा पुढे

प्रवासी कंपनीच्या तिकीट खिडकीपाशी रांगेतल्या एका शिंप्याच्या पुढे एक नवरा-बायको अडून बसले होते.

“विमान स्वस्त पडतंय.”

“आणि विमानतळापर्यंतची टॅक्सी? तिचं भाडं कोण धरणार?”

“मग एसी रेल्वे.”

“काल तीच महाग होती ना?”

“पण थेट गावात सोडते. थांब, पुन्हा बघतो.”

“दोन वर्षं बघताय. तुमच्या आईंचे डोळे वाटेकडे लागलेत.”

नवऱ्याने मोबाइलमधून मान वर न करता शिंप्याला म्हटलं, “तुम्ही व्हा पुढे.”

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. “बरं, येतो आम्ही,” एवढंच ती म्हणाली.

“कोण गं?”

“तुमच्या आई. स्टँडवर उतरल्यात. घ्यायला या म्हणाल्या.”

“एकटी? आली कशाने?”

“मिळेल त्या गाडीने.”