फाटकावरचा रोमन सासरा

आमच्या अंजूरच्या काकीचं ऐका. काकाच्या गोडाऊनमध्ये शोभेच्या वस्तू ठेवणारा भाडेकरू जाताना एक अर्धपुतळा विसरला. कुणी रोमन म्हातारा, टक्कल पडलेला, कपाळावर आठ्या. काका बघतच राहिला. "ह्यो तं आपला बाबाच हाय." बाबा म्हणजे माझे वारलेले आजोबा. पुतळा लगेच बंगल्याच्या फाटकावर बसला, आणि काकी येता-जाता सासऱ्यासमोर घ्यावा तसा डोक्यावर पदर घ्यायला लागली.

पुढे भाडेकरूचा माणूस पुतळा न्यायला आला. "काकी, ही नुसती नक्कल आहे. असली म्हातारा इटलीच्या म्युझियममध्ये आहे."

काकीने पदर सावरला. "मना नको शिकवू. असली म्हाताऱ्याला जल्मभर भाकऱ्या मी घातल्यात."