काकाजीच्या दारावरचा हिरवा झिरो

हॅलो? … हॅलो, पुनम? मी डिंपल वं! तुह्याच आंगणातून बोलून राह्यली, चामोर्शीवरून… ऐकू येते का? … अवं, मंग होस्टेलच्या बाहेर ये ना! … हां.

ऐक, तुह्या बाबांनं, आपल्या काकाजीनं, स्वप्निलले नाई म्हटलं. … नाई म्हणजे नाईच! साक्षगंध बी नाई न् लगन बी नाई. … अवं, रडू नको, पुढं ऐक तं…

… दारू? नाई वं, काकाजीनं तोंड हुंगून पाह्यलं ना त्याचं! … खरंच! म्हणते, पेला नाई, मंग चकवा लागला पोराले. … चकवा वं, जंगलात माणसाले भुलवते थो!

काल पोरगा गाडी कसा चालवते, थे पाहाले गेले होते ना धानोऱ्याच्या रस्त्यानं. … हो, थेच गाडी, चांद्याच्या ठेकेदाराची, बाहेर देशातली. स्वप्निल तिच्यावर डायवर… हो हो, तुले मालूम हाय, ऐक ना! काकाजीनं इचारलं, किती जोरानं पळवून राह्यला? हा म्हणे, चाळीस. स्पीडच्या काट्याकडे पाह्यलंच नाई! कसं समजलं रे? तं म्हणे, समोर रस्त्यावर लिवून हाय जी, हिरव्या आकड्यानं. … नाई ना! काकाजी बाजूलेच बसले होते. त्याईले रस्ता दिसे न् साग दिसे. आकडा कुठी?

… मले बी शक आला! आज थो गाडी घेऊन इथं आंगणात आला तं मी बसली बाजूले, मले बी काईच नाई. मंग त्याले उतरवलं न् मीच बसली त्याच्या सीटवर… माय वं, पुनम! बोनटाच्या पुढं, हवेत आकडा! … भूत नाई वं. खाली बारीक दिवा हाय, थो समोरच्या काचीवर आकडा पाडते. घरात दिवा लावला का खिडकीच्या काचीत कसा आंगणात दुसरा दिवा दिसते? तसंच. फक्त स्टेरिंगवाल्याच्याच डोळ्याले सापडते. … काऊन म्हणजे? नजर खाली न्याच लागत नाई! काल रानडुक्कर आडवं आलं, टप्पकन ब्रेक मारला त्यानं. काट्याकडे पाहत असता तं…

सांगतलं ना काकाजीले! म्हणते, तू बी त्याच्यातलीच. … थांब, थांब… बसले! काकाजी बसले स्टेरिंगवर! … दिसत नाई म्हणते… बुटके हायेत ना वं. स्वप्निल, उशी दे रे खाली! … दिसला! … काय काकाजी? … म्हणते, "माह्या दारावर झिरो काऊन लिवला?" … अजी, गाडी उभी हाय, म्हणून झिरो!

… नाई वं, गिअर नाई तिले, ब्रेक सोडला का आपोआप… काकाजी, पाय! पाय! … सरकली वं! तीन म्हणते… पाच… आठ… आकडा नोका वाचू जी, समोर पाहा!

… धानाच्या तणसाच्या ढिगात घुसले. … नाई, लागलं नाई. गाडी बी बरी हाय. हासून राह्यले… म्हणते, "परत झिरो!"

हो, इचारतो… काकाजी, मंग साक्षगंध? … पुनम, ऐक, म्हणते, एकट्या डायवरलेच दिसते अशा गोष्टीवर माहा भरवसा नाई. पोरीले गाडी शिकवत असन, तिले बी स्टेरिंगवर बसवत असन, तरच देतो. … हो, स्वप्निल तयार हाय, मुंडी हालवून राह्यला. तू बोल ना! हो का नाई? … हॅलो? … पुनम?

कटला जी. … हो म्हणे. … हो म्हणे ना काकाजी! … तुमाले कसं ऐकू येईन? फोन तं माह्या कानाले होता!