माहेरची तार

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावर बसलेले पाहुणे, आपल्या सर्व्हिसचे मालक नानासाहेब, ड्रायव्हर-कंडक्टर बंधूंनो, आणि पुढच्या रांगेत पदर डोळ्यांवर ओढून बसलेल्या आमच्या कमलअक्का, आपणां सर्वांना या जीवराम ड्रायव्हरचा नमस्कार. भोंगा वाजवायची सवय असलेल्या माणसाला आपण भाषणाला उभं केलंत, तेव्हा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

आज चिंधाआबा मिस्त्री आपल्याला सोडून भडगावला, आपल्या घरी चालले आहेत. डोळ्यांना आता बारीक जोड दिसत नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःच पाना खाली ठेवला. सभेतल्या प्रवासी मंडळींना आबा काय करत हे ठाऊक नसेल. मोटारीत तुमच्या पायांखाली तेजाबाने भरलेली बॅटरीची पेटी असते, आणि पेट्रोलची टाकीही काही कोसभर लांब नसते. पेटी हलली, तार लोखंडाला घासली, की ठिणगी पडते. कापसाने भरलेली एक परगावची लॉरी अशीच पाळधीजवळ जळाली, हे पुष्कळांनी पाहिलं आहे. आपल्या गाड्या का नाही जळाल्या? आबा पेटी पट्टीने आवळत, आणि तार जिथे लोखंडाच्या भोकातून जाते तिथे सायकलची जुनी ट्यूब गुंडाळत.

त्यांचा एक खास शब्द आहे. काही गाड्यांत बॅटरीच्या अधिक टोकाची तार बॉडीला जोडतात, काहींत उण्या टोकाची. नवीन माणूस इथेच गोंधळतो. आबांनी त्यावर तोड काढली. बॉडीला जाते ती माहेरची तार, दुसरी सासरची. माहेरची जोडताना शेवटी, सोडताना आधी. म्हणजे पाना चुकून कुठे टेकला तरी ठिणगी उडत नाही. आमचे ड्रायव्हर घरी भांडण झालं की हेच शब्द वापरून एकमेकांना चिडवतात, तो भाग वेगळा.

आता अक्का, जरा माझ्याकडे बघा. तुम्ही नवऱ्याबरोबर, आबांबरोबर, भडगावला न जाता दोंडाईच्याला भावाकडे जाणार, असं मेहरूणपर्यंत सगळ्यांना कळलंय. कारणही कळलंय. तुम्हीच सांगता, "मी मरी ऱ्हायनी व्हती, अन् हाऊ पाना फिरावत बसना." गेल्या पौषात भडगावी तुमची छाती भरली होती. निरोप घेऊन तुमचा शेजारी भटू दुपारी इथे जळगावला आला. तो ज्या मोटारीने आला ती भुसावळला निघून गेली. शेडात एकच गाडी उरलेली, आणि तिची बॅटरी काढून बाकावर ठेवलेली. भटू ओरडत होता, दोरीने बांधा आणि चला. आबांनी ऐकलं नाही. भटूने तुम्हाला नंतर सांगितलं ते एवढंच, आणि ते खरंही आहे.

पण भटू दारात उभा होता, अक्का. गाडीखाली आबांच्या शेजारी मी होतो. पाना त्यांच्या हातून पुन्हा पुन्हा पडत होता. शेवटी ते मला म्हणाले, "मन्हा हात कापी ऱ्हायनात रे, जीवराम. पाना तू धर. येवाना टाईमले ती ह्या मोटारमा ऱ्हाई. ढिलं काहीच नको." मी आवळत होतो, ते प्रत्येक जोड बोटांनी चाचपत होते आणि रडत होते. मिशा तेलाने आणि आसवांनी भरल्या होत्या. बाहेर यायच्या आधी त्यांनी तोंड पुसलं आणि मला बजावलं, "कोनले सांगू नको."

येताना एरंडोलच्या अलीकडे गाडी खड्ड्यात अशी आदळली की माझी टोपी उडाली. इंजिन मात्र एकदाही ठसकलं नाही. तुम्ही बेशुद्ध होतात. तुमचं डोकं जळगावच्या दवाखान्यापर्यंत कोणाच्या मांडीवर होतं, हे तुम्ही आजवर कोणाला विचारलंत का?

आबांना गाडीशी बोलता येतं, माणसाशी येत नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी पुढेही काही सांगितलं नसतं. तुम्ही एकट्याच दोंडाईच्याच्या गाडीत बसला असतात, आणि ते स्टेशनावर तुमचं गाठोडं उचलून देऊन मुकाट्याने परत आले असते. मला ते बघवलं नसतं.

उद्या सकाळी भडगावची मोटार मीच नेतो आहे. पुढच्या दोन जागा मी धरून ठेवल्या आहेत. एकीवर आबा बसतील. दुसरी मी कोणाला देणार नाही. रिकामी गेली तर भडगावपर्यंत रिकामीच जाईल.

अध्यक्ष महाराजांनी वेळ दिला, नानासाहेबांनी हा समारंभ घडवला, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर सभेने उदार मनाने पोटात घालावं. चिंधाआबांची माफी मात्र मी आज मागत नाही. ती उद्या भडगावला पोचल्यावर मागेन, अक्कांच्या देखत.