लिननवाल्या मावशींचा एक मार्क

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक डॉक्टरसाहेब, व्यासपीठावर बसलेल्या प्रशिक्षण विभागाच्या प्रमुख बाई, मेट्रनबाई, माझे सहकारी, पहिल्या रांगेत घड्याळाकडे बघत बसलेली माझी पत्नी, आणि ड्यूटी संपवून गणवेशही न बदलता इथे आलेल्या माझ्या विद्यार्थी बंधू-भगिनींनो,

मगाशी माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं की हा दुसऱ्याच कुणाचा निरोप समारंभ तर नाही ना, म्हणून मी दोनदा फलक वाचून घेतला. कँटीनच्या आचारीभाऊंनी तर मला ज्ञानाचा सागर करून टाकलं. भाऊ, तुम्हाला मी काठावर पास केलं होतं, हे विसरलात वाटतं. असो. सगळ्यांचे मनापासून आभार. मला दहा मिनिटं दिली आहेत आणि तेवढ्यात एक काम उरकायचं आहे.

काम असं. गेली बावीस वर्षं, संध्याकाळी पाच ते सहा, क्ष-किरण विभागाच्या मागच्या खोलीत मी कर्मचाऱ्यांना इंग्रजी शिकवतो. आया, वॉर्डबॉय, ड्रायव्हर, स्वयंपाकघरातली माणसं विभागीय परीक्षा देऊन वरच्या जागेवर जावीत, म्हणून हा वर्ग. उद्यापासून मी नाही. माझ्या जागी लिननवाल्या मावशींना नेमा, असा अर्ज मी दोन महिन्यांपूर्वी दिला होता. गेल्या सोमवारी उत्तर आलं. मावशींकडे परीक्षेचं प्रमाणपत्र नाही, सबब विचार करता येत नाही. पात्र शिक्षक मिळेपर्यंत वर्ग बंद राहील. अध्यक्षमहाराज, खाली सही आपली आहे. आपला पूर्ण मान राखून सांगतो, हे उत्तर मला मान्य नाही. आणि रिटायर झालेल्या माणसाचं कोण काय वाकडं करणार, म्हणून ते इथेच सगळ्यांसमोर सांगतो.

मावशी कोण, ते पाहुण्यांना सांगायला हवं. धुऊन आलेल्या चादरी तपासायच्या, घड्या घालायच्या आणि सात वॉर्डांना पोचवायच्या, हे काम त्या एकोणतीस वर्षं करताहेत. आत्ता मागे दाराजवळ उभ्या आहेत. खुर्ची दिली तरी बसणार नाहीत, त्या भानगडीत पडू नका. अकरा वर्षांपूर्वी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्या माझ्या वर्गात आल्या. कशाला आलात विचारलं, तर म्हणाल्या, वॉर्ड क्लार्क व्हायचंय. गुडघे गेलेत, उरलेली नोकरी खुर्चीवर बसून करायची आहे. इतकं सरळ उत्तर मला त्या खोलीत पुन्हा मिळालं नाही.

आता थोडं व्याकरण. घाबरू नका, पेपर नाही. आपण मराठीत दिवसभर काय बोलतो? मला कळतंय, मला आवडतंय, मला वाटतंय. त्यामुळे इंग्रजीतही आपल्या तोंडून सहज निघून जातं, ‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम लाइकिंग’. पण इंग्रजीत ही क्रियापदं स्थिती दाखवतात, ती साध्या काळातच राहतात. आय नो, आय लाइक, बस्स. बरं, एवढ्यावर भागतं का? ताप असला तर ‘आय हॅव अ फीव्हर’, पण जेवत असलात तर ‘आय ॲम हॅविंग लंच’ चालतं. ड्रायव्हर मंडळी विचारायची, सर, एका शब्दाला दोन कायदे कसे? मी फळ्यावर तक्ता काढायचो. इकडे चौदा क्रियापदं, तिकडे चौदा, मध्ये अपवाद. पाठ करा म्हणायचो. बिचारे पाठ करायचे आणि पेपरात नेमकं उलटं लिहायचे. मी सतरा वर्षं चिडत राहिलो, पण तक्ता काही बदलला नाही.

पाच वर्षांपूर्वी एकदा मला यायला उशीर झाला. दाराशी पोचलो तर आतून मावशींचा आवाज. एका नव्या आयाला समजावत होत्या. वॉर्डात बेल वाजली की तू हातातलं अर्धं टाकून उठतेस ना? मग दर वेळी स्वतःला विचार, हे अर्धं टाकून उठता येतं का? जेवण टाकून उठता येतं, तिथे ‘हॅविंग’. ताप टाकून उठता येतो का गं? नाही, मग नुसतं ‘हॅव’. विचार करत बसलीयेस, उठता येतं, तिथे ‘थिंकिंग’. पण अमका डॉक्टर चांगला आहे असं तुझं मत आहे, ते काय बेल वाजली म्हणून टेबलावर ठेवून जाणारेस? तिथे ‘थिंक’. पोरीला पाच मिनिटांत कळलं. आणि मी? मला आधी राग आला. एम. ए. मी, तक्ता माझा, आणि शिकवतंय कोण! मग लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तक्ता पुसला आणि मावशींच्या पद्धतीने शिकवायला लागलो. प्रमुख बाई, निकाल आपल्याच कपाटात आहेत, त्या एका प्रश्नात माझ्या वर्गाचे मार्क दुप्पट झाले. आपण मला शाबासकीचं पत्र दिलंत. ते मी गुपचूप खिशात घातलं.

मग अशा बाईंकडे प्रमाणपत्र का नाही? हे मी सहा वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

विभागीय परीक्षेचा इंग्रजीचा पेपर तपासायचं काम माझ्याकडेच असतं. या परीक्षेला पन्नाशीनंतर बसता येत नाही. मावशींची ती शेवटची खेप होती. पास व्हायला चाळीस मार्क लागतात आणि त्यांना बरोबर चाळीस पडले होते. निकाल सोमवारी लागायचा होता. शुक्रवारी मी एकेकाला टेबलाशी बोलावून पेपर दाखवत होतो. मावशी पेपर घेऊन गेल्या, सगळे पांगल्यावर परत आल्या आणि नवव्या प्रश्नावर बोट ठेवलं. तिथे त्यांनी लिहिलं होतं, ‘आय ॲम नोइंग धिस पेशंट’. आणि माझ्या नजरचुकीने त्यावर बरोबरची खूण झाली होती. एक मार्क.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, राहू द्या. कुणाच्या लक्षात येणार नाही. त्या हलल्या नाहीत. मी पुन्हा म्हणालो, अहो मावशी, शेवटची संधी आहे, गुडघ्यांचा तरी विचार करा. तेव्हा त्या म्हणाल्या, “डाग राहिलेली चादर मी उलटी घालून देत नाही, सर. खोडा.”

मी खोडलं. एकोणचाळीस. सोमवारी यादी लागली, तीत मावशी नव्हत्या. सगळ्यांना त्यांनी सांगितलं, म्हातारपणी डोकं चालत नाही, नापास झाले. मला मात्र बजावलं, कुठे बोलू नका, लोक तुम्हाला नावं ठेवतील. आणि मी गप्प बसलो, कारण ते माझ्या सोयीचं होतं. पुढच्याच आठवड्यात त्या पुन्हा वर्गात हजर. म्हटलं, आता कशाला? तर म्हणाल्या, परीक्षा संपली, इंग्रजी कुठे संपलंय? मावशी, आज तुमचा शब्द मोडला. हवं तेवढं रागवा.

अध्यक्षमहाराज, प्रमाणपत्र का नाही, याचं हे उत्तर आहे. माझं ऐकलं असतं, तर आज त्यांच्याकडे प्रमाणपत्रही असतं आणि खुर्चीही. आपल्याला हे ठाऊक नव्हतं, दोष आपला नाही, पण आता ठाऊक झालंय. आपल्यासमोर पाण्याच्या ग्लासाखाली नवा अर्ज ठेवलाय. सहीपुरती जागा सोडली आहे, पेन माझं घ्या. सही होवो न होवो, उद्या पाच वाजता मी त्या खोलीत पहिल्या बाकावर बसणार आहे आणि शिकवणार मावशी. खोलीला कुलूप दिसलं, तर लिनन रूमसमोरच्या जिन्यावर वर्ग भरेल. कोण कोण येणार, जरा हात वर करा बरं. साहेब, मोजत बसू नका, नुसते बघा.

दहा मिनिटांची वीस झाली, पत्नीने घड्याळ दाखवायचंही सोडून दिलंय. आपण सगळे ताटकळत बसून राहिलात, त्याबद्दल ऋणी आहे. बावीस वर्षांत आणि आजच्या बोलण्यात माझ्या हातून काही उणंअधिक झालं असेल, तर आपल्या सगळ्यांची मी रीतीप्रमाणे माफी मागतो. मावशींची मात्र खरीखुरी मागतो, त्या दिवशी ‘राहू द्या’ म्हणालो म्हणून. मार्क खोडला त्याची मागत नाही. बावीस वर्षांत तेवढा एकच पेपर मी नीट तपासला.