पाणमांजर पोस्टात

सासू : मग हे पाणमांजर पोस्टात काय करतंय?

सून : पोस्टात? कुठं?

सासू : हे काय, तुझ्या नकाशात. रंग पोस्टावरून शाळेवर आणि शाळेवरून थेट आपल्या गच्चीवर आलाय!

सून : अय्या, खरंच की! आई, त्याच्या अंगात बसवलेल्या यंत्रानं जिथून जिथून खूण पाठवली ना, ते हे ठिपके. त्यावरून त्याचा वावर कुठवर आहे, ते हा प्रोग्रॅम काढतो. पण त्याला नदीचं वळण कळलंच नाही. जमिनीवरूनच रंग फासला मेल्यानं.

सासू : फुकटचा ना तो? मग असंच व्हायचं.

सून : फुकट आहे, तसा उघडाही आहे. आत काय चाललंय ते कुणीही बघावं, हवं तर बदलावं.

सासू : मग नको बदलूस. वावर इथंच दिसला, तर वनखातं माझ्या लेकाला त्याच्या राखणीसाठी दोन वर्षं त्या वरच्या धरणाच्या चौकीवर धाडणार नाही.

सून : आई!

सासू : काय आई? तुला हवाय का तो तिकडं?

सून : मुळीच नकोय. लग्नाला वर्षसुद्धा नाही झालं आमच्या! पण धरणाकडचं पाणी आपण नकाशातून वगळलं, तर तिथं राखण राहणार नाही आणि उद्या वाळू उपसणाऱ्या बोटी घुसतील. त्या जिवानं जायचं कुठं?

सासू : बरं बाई हरिश्चंद्रा. घाल नदी त्याच्या डोक्यात.

सून : घातली. आता पाण्यापाण्यानं मोजेल.

(सून बटण दाबते. नकाशावर रंग नव्यानं पसरू लागतो.)

सासू : अगं, हे तर दोऱ्यासारखं लांबतच चाललंय! पोस्ट गेलं, शाळा गेली... थांबतंय का कुठं?

सून : थांबलं. धरणापाशी.

सासू : एवढं भटकायला काय होतं गं त्याला?

सून : जिथं मासे, तिथं ते.

सासू : रडतेस की काय?

सून : नाही हो. थोडंसं. पण उत्तर बरोबर आलं, त्याचं बरंही वाटतंय.

सासू : डोळे पूस आधी. त्या चौकीत खोल्या किती?

सून : दोन. का?

सासू : एकीत तुम्ही दोघं, एकीत मी. तुझं हे ठिपके मोजणं तिथंही होईल की.

सून : तुम्ही येणार? मी या घरात आल्यापासून तुम्ही एकदासुद्धा जिना उतरला नाहीत. गुडघे दुखतात म्हणता.

सासू : दुखतातच. पण उतरून जायचं कुठं होतं मला?